इथे माणूस आहे

मराठीत एक वाक्य असे आहे की, ते बहुधा खोटे असते तेव्हाच उच्चारले जाते. ते वाक्य म्हणजे ‘इथे माणूस आहे’. जेथे माणूस खरोखरच बसलेला असतो तेथे हे सांगण्याची गरज कोणालाही पडत नाही. जागा रिकामी असते, तिच्यावर एक रुमाल पडलेला असतो, आणि त्या रुमालाकडे बोट दाखवून शेजारचा म्हणतो, इथे माणूस आहे. ऐकणाराही रुमालाला माणूस मानून पुढे सरकतो. या लहानशा व्यवहारात न्यायाचा केवढा मोठा प्रश्न दडलेला आहे, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याच्या रस्त्याने निघाले की सुमारे ६५ किलोमीटरवर सिल्लोड लागते. मिरची, कापूस आणि मक्याचा हा तालुका. जळगाव, भोकरदन, कन्नड अशा चहूकडच्या गाड्या येथील बसस्थानकात येतात. लग्नसराईच्या किंवा सुटीच्या दिवसांत जळगावकडून संभाजीनगरला जाणारी लाल गाडी आवारात वळू लागली की, ती फलाटाला लागण्यापूर्वीच माणसे तिच्या अंगाशी झोंबू लागतात. दार एकच, आणि त्या दारातून उतरणारे आधी उतरावयाचे असतात. तेव्हा चपळ मंडळी दाराच्या नादी लागत नाहीत. ती खिडकीखाली धावतात, सरकती काच बाजूला सारतात आणि हाताशी असेल ते आत टाकतात. रुमाल हे त्यातले सर्वमान्य साधन. पण उपरणे, टोपी, वर्तमानपत्राची घडी, कॉलेजची वही, भाजीची पिशवी, फार काय, प्रसंगी कडेवरचे पोरसुद्धा खिडकीतून आत जाते. मग ही मंडळी निवांतपणे, हात पुसत दाराकडे येतात. त्यांचे काम झालेले असते. तेवढ्यात कोणी म्हातारी दांड्याला धरून, एकेक पायरी चढून, सर्वांच्या आधी आत पोहोचलेली असते. ती रिकाम्या बाकाकडे वळते. “आजी, तिथं माणूस हाये.” ती दुसऱ्या बाकाकडे वळते. “इथं बी हाये.” अर्ध्या रिकाम्या गाडीत ती उभी राहते, आणि त्या गाडीत सर्वांत आधी प्रवेश केलेली व्यक्ती तीच असते.

एस.टी.त पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास सुरू झाला, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे तिकीट झाले. या दोन्ही सवलतींमुळे जी माणसे पूर्वी घरात बसून राहत, ती आता लेकीकडे, दवाखान्यात, देवदर्शनाला जाऊ लागली. ही फार चांगली गोष्ट झाली. पण धावत्या गाडीच्या खिडकीत रुमाल टाकण्याचे कसब ज्यांच्यापाशी नाही, अशीच ही माणसे आहेत. शासनाने त्यांचे भाडे कमी केले. त्यांच्या बसण्याचा प्रश्न मात्र रुमालांच्या हाती राहिला. ज्येष्ठ, अपंग व स्त्रिया यांच्यासाठी राखीव असल्याचे बाकांच्या वर रंगवलेले असते, पण खिडकीतून आत पडणारा रुमाल वरची अक्षरे वाचून पडत नाही.

याच व्यवहाराचे श्रीमंती रूप पाहावयाचे असेल तर समुद्रावर जावे लागेल. हजारो प्रवाशांना घेऊन आठ-आठ दिवस फिरणारी क्रूझ जहाजे आता मराठी घरांनाही परकी राहिलेली नाहीत. सहलीच्या कंपन्या त्यांच्या जाहिराती करतात, आणि मुंबई बंदरातूनही तशा जहाजांच्या फेऱ्या होऊ लागल्या. या जहाजांच्या वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाभोवती, उन्हात पहुडण्यासाठी लांब आरामखुर्च्या मांडलेल्या असतात. त्या प्रवाशांच्या संख्येच्या मानाने कमी पडतात, आणि तलावाजवळच्या तर फारच कमी. मग पहाटे, बहुतेक जहाज झोपेत असताना, काही प्रवासी वर येतात, चार खुर्च्यांवर चार टॉवेल अंथरतात, एखादे पुस्तक किंवा चपलांचा जोड ठेवतात, आणि पुन्हा खाली झोपावयास जातात. पुढे न्याहारी होते, आंघोळ होते, दुकाने हिंडून होतात. सूर्य डोक्यावर येतो तरी खुर्चीवर टॉवेलच ऊन खात पडलेला असतो. भोवती माणसे जागा शोधत फिरतात. युरोपातील समुद्रकिनाऱ्यांवरील हॉटेलांत हाच प्रकार चालतो, आणि त्यावरून इंग्रज व जर्मन प्रवासी एकमेकांची थट्टा करतात. इटलीच्या काही किनाऱ्यांवर रात्रीच छत्र्या आणि खुर्च्या मांडून जागा अडविण्याचा प्रकार इतका वाढला की, २०१६ साली तेथील तटरक्षकांनी त्या उचलून नेल्या. काही जहाज-कंपन्यांनी नियम केला आहे की, खुर्चीवर अर्धा-पाऊण तास कोणी आले नाही, तर सेवकाने टॉवेल उचलून बाजूला ठेवावा.

हा सेवक कोण असतो? गोव्याच्या घराघरांतून माणसे पिढ्यान् पिढ्या आगबोटींवर कामाला गेली. आजही क्रूझवर चादरी-टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्यांत, ताटे वाढणाऱ्यांत आपली गोव्याची, मुंबईची पोरे असतात. पहाटे डेक धुऊन खुर्च्या ओळीने मांडणारा तोच, आणि अकरा वाजता कोणा साहेबाचा टॉवेल उचलण्याचा अप्रिय प्रसंग येतो तोही त्याच्यावरच. टॉवेल उचलला तर एक प्रवासी रागावतो, न उचलला तर दुसरा. त्या सबंध डेकवर ज्याच्यासाठी एकही खुर्ची नाही अशा माणसाला खुर्च्यांचा न्यायनिवाडा करावा लागतो.

वाचक म्हणतील, सहलीला गेलेल्या सुखवस्तू लोकांची ही पोरखेळी भांडणे. ख्रिस्ती नीतिशास्त्राला यात काय स्वारस्य? आमचे उत्तर असे की, नीतिशास्त्राला या भांडणात स्वारस्य वाटू लागून दोन हजारांहून अधिक वर्षे झाली आहेत. फक्त तेव्हा प्रश्न आरामखुर्चीचा नव्हता, नाट्यगृहातील बैठकीचा होता.

रोमन वक्ता सिसेरो याने इ. स. पूर्व ४५ मध्ये लिहिलेल्या एका ग्रंथात स्टोइक पंथीयांचा एक दृष्टान्त दिला आहे. त्याचा आशय असा की, नाट्यगृह सर्वांच्या मालकीचे असते. तरीही जो ज्या जागेवर बसला ती जागा त्याची, असे म्हणणे रास्त ठरते. जग सर्वांचे असूनही त्यात खाजगी मालमत्ता कशी असू शकते, हे समजावून सांगण्यासाठी हा दृष्टान्त होता. युक्तिवाद सरळ आहे. आधी आलेला बसतो, कोणाला उठवीत नाही, कोणाचे हिसकावीत नाही. रुमाल टाकणारा आपले समर्थन करू लागला तर तोही हेच म्हणेल.

त्यानंतर चार शतकांनी आशिया मायनरमधील कप्पदोकिया प्रांतात एका ख्रिस्ती धर्मगुरूने हाच दृष्टान्त हाती घेतला आणि तो उलटा फिरवला. ते होते कैसरियाचे संत बेसील. ३६९ च्या सुमारास त्या प्रांतात मोठा दुष्काळ पडला होता. पाऊस नव्हता, झरे आटले होते, आणि ज्यांची कोठारे भरलेली होती ते भाव आणखी चढण्याची वाट पाहत होते. लूककृत शुभवर्तमानात ज्या मूर्ख धनवानाची कथा येते, जो जुनी कोठारे पाडून मोठी बांधावयास निघतो, तिच्यावर बेसील यांनी प्रवचन केले. त्यात ते म्हणतात की, सर्वांसाठी असलेल्या वस्तू आधी हस्तगत करून त्या आपल्याच म्हणणारे श्रीमंत हे नाट्यगृहात आधी जाऊन बसलेल्या आणि मागून येणाऱ्यांना आत येऊ न देणाऱ्या प्रेक्षकासारखे आहेत. सिसेरोने ज्या प्रेक्षकाला मालमत्तेचा साक्षीदार म्हणून उभा केला होता, त्याच प्रेक्षकाला बेसील यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात नेले. आणि तेही दुष्काळात. मराठवाड्यातील माणसाला या प्रवचनाचा अर्थ सांगावयास भाष्यकार लागत नाही.

मग खरे कोण? आधी येणे हा हक्क की अपराध? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांच्यापुढे नेमका हाच पेच आला. आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात, चोरीविषयीच्या प्रकरणात, खाजगी मालकी धर्म्य आहे काय असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आहे, आणि धर्म्य नाही असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने बेसील यांचे हेच वचन पुढे ठेवले आहे. त्यावर त्यांचे उत्तर दोन वाक्यांचे आहे, पण त्या दोन वाक्यांनी सगळी गुंतागुंत सुटते. नाट्यगृहात आधी जाण्यात गैर काही नाही, जर त्यामुळे मागच्यांची वाट सुकर होत असेल. गैर आहे ते आधी जाऊन इतरांची वाट अडविण्यात. अक्वायनस यांनी मालकी नाकारली नाही. वस्तू सांभाळण्याचा आणि तिची व्यवस्था पाहण्याचा अधिकार व्यक्तीला असावा, कारण सर्वांची वस्तू कोणीच सांभाळीत नाही, हा व्यवहार ते पूर्ण ओळखून होते. परंतु उपयोगाच्या वेळी ती वस्तू सर्वांची समजून गरजवंताला देण्याची मनाची तयारी हवी, ही अट त्यांनी मालकीच्या गळ्यात बांधली.

आता या कसोटीवर सिल्लोडच्या बसमधला रुमाल घासून पाहावयाचा. पण त्याआधी त्याच तालुक्यात दिसणारी आणखी एक वस्तू शेजारी ठेवली पाहिजे. ती म्हणजे रांगेतला हंडा.

२०१६, २०१९ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत या जिल्ह्यातील शेकडो गावांना टँकरने पाणी पुरवावे लागले. टँकर केव्हा येईल याचा भरवसा नसतो. रस्ता खराब, भरणा केंद्रावर गर्दी, कधी वीजच गेलेली. दिवसभर उन्हात कोण उभे राहणार? म्हणून बायका हंडे, घागरी, प्लॅस्टिकच्या कळश्या एकामागे एक मांडून ठेवतात आणि भाकरी थापावयास, कोणाच्या शेतात निंदणीला निघून जातात. एकही माणूस हजर नसलेली ती रांग तासन् तास तशीच उभी असते. कोणाचा हंडा नसेल तर तिथे एखादी वीट किंवा दगडही चालतो. टँकरचा आवाज आला की सगळ्या धावत येतात, आणि प्रत्येकीला आपला नंबर ठाऊक असतो.

हंडासुद्धा म्हणतो, इथे माणूस आहे. तोही खोटेच बोलतो. मग रुमालाविषयी मनात जी नाराजी उमटते ती हंड्याविषयी का उमटत नाही? आम्ही या प्रश्नावर पुष्कळ विचार केला, आणि आम्हांला असे वाटते की, फरक त्या दोन वस्तू कोणाकडे तोंड करून उभ्या आहेत यात आहे. हंडा आपल्या पुढच्या हंड्याकडे पाहतो. ‘मी हिच्या मागे आहे’ एवढेच त्याचे म्हणणे. रांगेत हंडा ठेवणारी बाई पहिल्यांदा दुसऱ्यांचे आधीपण मान्य करते आणि मग आपले मागते. तिच्या मागे हंडा ठेवायला कोणालाही मज्जाव नसतो. उलट रांगेचे शेपूट कोठे आहे हे तिच्या हंड्यामुळेच नव्या बाईला कळते. अक्वायनस ज्याला वाट सुकर करणे म्हणतात ते हेच असावे. रुमाल मात्र कोणाच्याच मागे उभा नाही. तो खिडकीतून आला आहे. दारातल्या रांगेशी त्याचे नाते नाही. त्याचे सगळे म्हणणे पाठीमागून येणाऱ्याला उद्देशून आहे, आणि ते म्हणणे ‘नाही’ असे आहे.

हंड्यांच्या रांगेत सगळेच पुण्यवान असतात, असे आमचे म्हणणे नाही. एका घरचे पाच हंडे मध्येच दिसू लागले की बायकांची जुंपते. टँकर विहिरीत ओतला गेला तर रांग मोडून पोहऱ्यांची जी झिम्मड उडते तीत बळी तो कान पिळी. मार्च २०१६ मध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तहान माणसाला कोठवर नेऊ शकते हे मराठवाड्याने पाहिले आहे. पण त्यामुळेच आमचे आश्चर्य वाढते. पाण्यासारख्या जीवनमरणाच्या वस्तूसाठी लोक रांग पाळतात, आणि दीड-दोन तासांच्या बैठकीसाठी किंवा आठ दिवसांच्या उन्हासाठी पाळीत नाहीत. तेव्हा टंचाई हे रुमालाचे खरे कारण नव्हे.

खरे कारण आम्हांला असे दिसते की, विहिरीवरच्या बायकांना उद्या पुन्हा एकमेकींची तोंडे पाहावयाची असतात. जिचा हंडा आज ढकलला तिच्याच दारात उद्या विरजण मागायला जायचे असते. बसमधली म्हातारी फुलंब्रीला उतरून जाईल. तिचे नाव, गाव कोणाला विचारावयाचे नाही. जहाजावरचे प्रवासी तर निरनिराळ्या देशांचे, आणि आठव्या दिवशी आपापल्या विमानात बसणारे. जेथे ओळख नसते तेथे लाज राहत नाही, आणि लाजेची जागा घेईल इतका विवेक सर्वांपाशी नसतो. शेजाऱ्यावर प्रीती करावी हे आपण ऐकत आलो. त्यावर एका शास्त्रपंडिताने प्रभू येशूला ‘माझा शेजारी कोण?’ असे विचारले, तेव्हा त्याला मिळालेल्या उत्तरातला शेजारी हा ओळखीचा गाववाला नव्हता. तो रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसावर दया करणारा परका प्रवासी होता. तो दाखला प्रवासातलाच आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

रुमालाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, तो दुसऱ्याच्या सभ्यपणावर जगतो. रुमाल उचलून फेकणे कोणालाही शक्य असते. म्हातारी तो उचलीत नाही, कारण तिला दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणे प्रशस्त वाटत नाही. म्हणजे जो संयम टाकणाऱ्याने स्वतः दाखविला नाही, त्याच संयमाच्या भरवशावर त्याने रुमाल टाकलेला असतो. सगळेच त्याच्यासारखे झाले तर रुमालाला चिंधीचीही किंमत उरणार नाही. आणि हळूहळू तसेच होत जाते. मग शर्यत वाढते. जहाजावर काल सातला टॉवेल पडत होते ते आज सहाला पडतात, उद्या पाचला. खुर्च्या तेवढ्याच, ऊनही तेवढेच. वाढते ती फक्त सर्वांची झोपमोड. आमच्या वसईकडील वाचकांना याचे वेगळे उदाहरण द्यावयास नको. सकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्यांपैकी कित्येक जण नालासोपारा किंवा वसईहून आधी उलट दिशेने विरारला जातात, आणि त्याच गाडीत बसून परत येतात. विरारच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला गाडी आत येतानाच भरलेली दिसते. त्यावरून होणाऱ्या हातघाईत दोन्ही बाजूंचे लोक पहाटे उठलेले, दोघेही दमलेले, दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. त्यांच्यातला एकही आळशी नाही. शर्यतीने सर्वांचा अर्धा तास खाल्ला, आणि बसायला मिळालेल्यांची संख्या एकानेही वाढली नाही.

यावर कोणी कडक नियमनिष्ठ म्हणेल, वस्तूने जागा धरणेच रद्द करा. जो स्वतः बसेल त्याची जागा. हा नियम ऐकावयास स्वच्छ वाटतो, पण आमची त्याला संमती नाही. देहाने आधी पोहोचेल त्याची जागा, असे ठरले की पायांत बळ असेल त्याची जागा असे ठरते. दोन पोरे आणि बोचके सांभाळणारी बाई, काठी टेकीत येणारा म्हातारा, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेहून परतणारा रुग्ण यांना कोणीतरी जागा धरून दिल्याखेरीज ती मिळणार नाही. सिल्लोडच्या त्याच फलाटावर असाही तरुण दिसतो, जो रुमाल टाकतो, आत जाऊन बसतो, आणि पाठीमागून येणाऱ्या आपल्या आजीला बसवून स्वतः खाली उतरून जातो. त्याला गाडीने कोठे जावयाचेच नसते. तो रुमालही ‘इथे माणूस आहे’ असेच म्हणत होता, आणि ते खरे होते.

योहानकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात यरुशलेममधील बेथेस्दा तळ्याची कथा आहे. तळ्याचे पाणी हलले की जो पहिला आत उतरेल तो बरा होई, अशी तेथील समजूत. अडतीस वर्षे आजारी असलेला एक माणूस तेथे पडून होता. बरे व्हायचे आहे का, असे प्रभूने विचारले तेव्हा त्याने ‘होय’ म्हटले नाही. त्याने रांगेची हकिगत सांगितली. मला पाण्यात सोडणारे कोणी नाही; मी जातो तोवर दुसरा माझ्या आधी उतरतो. पहिल्याची जागा हा नियम किती निष्ठुर होऊ शकतो याची याहून नेमकी तक्रार आम्हांला कोठे आढळली नाही. त्या तळ्यावर कोणी लबाडी करीत नव्हते. जे आधी उतरत तेही आजारीच होते. नियम पाळला जात होता, आणि अडतीस वर्षे आजारी असलेला एक माणूस काठावर पडून होता, कारण त्याच्यासाठी रुमाल टाकणारे कोणी नव्हते. प्रभूने त्याला पाण्यापर्यंत नेऊन पहिला नंबर मिळवून दिला नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. तसे केले असते तर दुसरा कोणी मागे राहिला असता.

आपल्या स्वतःच्या अंगणाकडेही एकदा पाहावे लागेल. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला मैदानात खुर्च्या मांडल्या जातात. दहा वाजताच कोणीतरी येऊन पुढच्या रांगेतल्या आठ खुर्च्यांवर शाली, पर्स आणि गायनाच्या पुस्तिका ठेवून जातो. त्या आठांपैकी चार जण पहिल्या वाचनाच्या वेळी उगवतात. मागे भिंतीला टेकून उभी असलेली माणसे बहुधा लांबून चालत आलेली असतात. ज्या बालकाला धर्मशाळेत जागा मिळाली नाही, त्याच्या जन्मोत्सवात हे घडते. याकोबाच्या पत्रात सभेत आलेल्या श्रीमंताला ‘येथे बसा’ आणि गरिबाला ‘तेथे उभा राहा’ म्हणणाऱ्यांची कानउघाडणी आहे; तरीही इंग्लंड-अमेरिकेतील पुष्कळ चर्चमध्ये, अमेरिकेतील कॅथोलिक चर्चमध्येसुद्धा, बाकांचे वार्षिक भाडे भरून घराण्यांनी जागा धरण्याची चाल एकोणिसाव्या शतकात सर्रास होती. भाडे भरलेला बाक रविवारी रिकामा राहिला तरी गरिबाने तेथे बसावयाचे नसे.

आणि आम्हांला सर्वांत अधिक खुपते ती हीच रिकामी जागा. बसलेल्या माणसाचा हेवा वाटला तरी राग येत नाही. टॉवेल पांघरून पडलेल्या खुर्चीचा येतो. बसणारा निदान तिचा उपयोग करीत असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या विश्वपत्रात उत्पादनाच्या साधनांबद्दल असे प्रतिपादन केले आहे की, ती केवळ बाळगण्याकरिता बाळगता येत नाहीत. त्यांच्यापासून श्रमाला काही मिळाले पाहिजे. खुर्ची हे काही उत्पादनाचे साधन नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत लाखोंच्या संख्येने कुलूपबंद घरे आढळली, आणि त्याच शहरात माणसे पदपथावर निजतात, तेव्हा त्या कुलपात आणि या टॉवेलात आम्हांला आकाराखेरीज फारसा भेद दिसत नाही. दोन्ही म्हणतात, इथे माणूस आहे.

या रुमालसंस्कृतीच्या पोटातच तिच्या उलट असा एक रिवाज आपल्याकडे आहे, त्याची नोंद करावीशी वाटते. एस.टी.चा जुना बाक अखंड असतो. दोघांच्या बाकावर तिसरी अंग चोरून टेकते. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो. या चौथ्या जागेचे तिकीट नाही, तिच्यावर रंगवलेला क्रमांक नाही, आणि तिच्यावर रुमालही टाकता येत नाही, कारण कोणी सरकेपर्यंत ती जागा अस्तित्वातच नसते. “जरा सरकता का?” असे म्हणावे लागते. मग बसलेले तिघे कुरकुरत का होईना चार बोटे सरकतात. ज्याने रुमाल टाकून जागा पटकावली असेल, तोच माणूस पाच मिनिटांनी पोराला मांडीवर घेऊन आजीला टेकायला जागा करून देताना आम्ही अनेकदा पाहिला आहे. दोन्ही वेळा माणूस तोच असतो. मधल्या वेळात म्हातारीने त्याला विचारलेले असते एवढेच.

जहाजावरची आरामखुर्ची एकट्यापुरती घडवलेली आहे. तीत सरकून घेण्याची सोय नाही. आपल्याकडेही २०१७ पासून शिवशाही गाड्या आल्या. त्यांत आसने स्वतंत्र, मागे कलणारी, मधे हाताचा टेका, आणि प्रत्येकावर क्रमांक. अशा गाडीत रुमाल टाकणे अवघड, आणि ते बरेच झाले. “जरा सरकता का?” असे मात्र तेथे कोणी कोणाला विचारीत नाही.